दोन खणांचा नॅस: आधी खोका उघडला, मग डबाही उघडला

उद्यमनगरी

मंडळी, घरी नॅस घ्यावा का यावर इथं मागं बरीच चर्चा झाली होती. तेव्हा सगळी गाडी प्रोसेसर कुठला आणि रॅम किती यावरच अडकली. आता माझ्याकडं डबा आलाय, आणि चालू करायच्या आधी मी तो खोलून बघितला. आमचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात प्लॅस्टिकच्या मोल्डचं छोटं वर्कशॉप आहे. कुठलीही वस्तू हातात आली की तिची पार्टिंग लाईन (साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ) शोधायची खोड काही जात नाही. तर हे परीक्षण त्या नजरेनं आहे, सॉफ्टवेअरवर फारसं काही मिळणार नाही.

नवख्यांसाठी एवढंच: नॅस म्हणजे राउटरला वायरनं जोडलेला, स्वतःचा छोटा कॉम्प्युटर असलेला हार्डडिस्कचा डबा. घरातले सगळे फोन, लॅपटॉप, टीव्ही त्यावर फाइली ठेवतात, तिथून उचलतात. माझ्याकडं घरचे फोटो आहेत आणि वर्कशॉपची ड्रॉइंग. एका डायच्या फाइलीची सतरा व्हर्जन असतात आणि गिऱ्हाईक बरोबर जुनंच मागतं.

मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की धागा कंपन्यांच्या भांडणात जातो. इंटेल सेलेरॉन जे४१२५, दोन जीबी रॅम, दोन डिस्कचे खण, एवढं पुरे. या वर्गातले बरेचसे डबे आतून एकमेकांचे चुलत भाऊच आहेत.

*खोका.* बाहेरून साधा तपकिरी, आत कागदाच्या लगद्याचे साचे, थर्माकोल नाही. लगद्याचा एक गुण मला आवडतो. एकदा दाबला गेला की तो परत उभा राहत नाही, त्यामुळं कुरिअरमध्ये खोका कुठल्या बाजूवर पडला याची नोंद त्यात राहते. माझ्या साच्याचा एक कोपरा बसलेला होता, डब्याला मात्र ओरखडा नाही. आत डबा, ॲडॅप्टर, आपल्याकडच्या तीन पिनची वायर, लॅनची वायर, स्क्रूची पुडी. माहितीपत्रकात चित्रंच जास्त.

*बाहेरचं कवच.* एबीएस प्लॅस्टिक, खरखरीत पोताचं. हा पोत नुसता शोभेला नसतो. आतून जिथं बरगड्या येतात तिथं प्लॅस्टिक थंड होताना बाहेरचा पृष्ठभाग किंचित आत ओढला जातो. गुळगुळीत पृष्ठभागावर ते लगेच नजरेत येतं, खरखरीतावर झाकून जातं. पुढची पट्टी मात्र चकचकीत काळी केलीय. का, ते त्यांनाच ठाऊक. खोक्यातून काढतानाच बोटांचे ठसे उमटले.

*आतला सांगाडा.* जस्ताचा मुलामा असलेला पत्रा, व्हर्नियरनं ०.८ मिमी भरला. कडा दुमडलेल्या आहेत आणि पंचिंगची बर (पत्रा कापताना कडेला राहणारी धार) आतल्या बाजूला ठेवलीय, म्हणजे हात घातला तर कापत नाही. हे करणाऱ्यानं कधीतरी स्वतः पत्रा हाताळलाय. डिस्कचं वजन प्लॅस्टिकवर नाही, या पत्र्यावर येतं.

*ट्रे.* इथं जरा थांबतो, कारण रोज हात लागणारा भाग हाच. साडेतीन इंची डिस्कला स्क्रू लागत नाहीत. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर धातूच्या छोट्या पिना आहेत, त्या डिस्कच्या बाजूच्या भोकांत बसतात आणि पट्टी खटकन लागते. पिनेच्या बुडाशी रबराची चकती आहे. डिस्कचा थरथराट डब्यात जाऊ नये म्हणून. अडीच इंची एसएसडी लावायची तर मात्र स्क्रू हवेत, आणि ते पुडीतलेच वापरा. साडेतीन इंची डिस्कचे आटे ६-३२ यूएनसी असतात, अडीच इंचीचे एम३. वर्कशॉपच्या डब्यातला एम३ स्क्रू साडेतीन इंचीच्या भोकात नुसता डुगडुगतो, कारण ६-३२ चा व्यास साडेतीन मिलिमीटर आहे. आणि उलटं कराल, म्हणजे ६-३२ चा स्क्रू एम३ मध्ये जोर लावून फिरवाल, तर एसएसडीचे आटे गेले.

*बॅकप्लेन.* ट्रे आत ढकलला की डिस्क मागच्या उभ्या सर्किट बोर्डात बसते. साटाच्या, म्हणजे डिस्क जोडायच्या, कनेक्टरमध्ये ग्राउंडच्या काही पट्ट्या इतरांपेक्षा लांब असतात, त्या आधी टेकतात, बाकीच्या नंतर. चालू डब्यात डिस्क बदलता येते ती त्यामुळं. पण माझं लक्ष गेलं बोर्डाला पाडलेल्या खिडक्यांकडं. पंखा बोर्डाच्या मागं आहे. हवा पुढून येऊन डिस्कच्या दोन्ही अंगांनी जाऊन याच खिडक्यांतून पंख्यापर्यंत पोचते. खिडक्या लहान ठेवल्या तर पंखा नुसता ओरडतो, डिस्क गरमच राहते. इथं बऱ्यापैकी मोठ्या आहेत.

*पंखा.* ९२ मिमीचा, २५ मिमी जाडीचा, चार वायरींचा. माप बाजारातलं आहे हे महत्त्वाचं. चार वायरी म्हणजे बारा व्होल्ट, ग्राउंड, फेरे मोजायची आणि वेग कमी-जास्त करायची. डब्यात सतत फिरणारी वस्तू म्हणजे डिस्क आणि हा पंखा, म्हणजे आधी थकणार तेच. पंखा काढायला मागचे स्क्रू, मग कवच सरकवायचं. कुठंही चिकटवलेलं नाही.

*रॅम.* दोन जीबी बोर्डावरच डाग दिलेली, ती निघत नाही. एक स्लॉट मोकळा आहे, डावा ट्रे काढला की दिसतो. मोठी बोटं असतील तर नेम धरून घालावी लागते. आत सीआर२०३२ चा सेलही आहे, घड्याळाचा.

*ॲडॅप्टर.* १२ व्होल्ट, ५ अँपिअर, बाहेरचा. काही जणांना पॉवर सप्लाय आत हवा असतो. मला बाहेरचाच बरा वाटतो. उष्णता बाहेर राहते आणि गेला तर फक्त तोच बदलायचा. पाच अँपिअर कशाला, तर साडेतीन इंची डिस्क थंड अवस्थेतून फिरायला लागते तेव्हा बारा व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते. दोन डिस्क मिळून चार. नंतर मात्र सगळा डबा पंधरा-एक वॉटवर येतो.

थोडक्यात, घेताना मी प्रोसेसर शेवटी बघितला. आधी हे बघितलं की पाच वर्षांनी यातलं काय खराब होईल आणि ते कोल्हापुरात मिळेल का. पंखा मिळेल, ॲडॅप्टर मिळेल, सेल मिळेल, डिस्क मिळेल. बोर्ड नाही मिळणार. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही, असल्यास सांगा.

रंकाळ्याचा बगळा

नाद खुळा धागा! अनबॉक्सिंगमध्ये पंचिंगची बर कुठल्या बाजूला हे पहिल्यांदाच वाचलं. वाचनखूण साठवली.

डिस्क कुठल्या घातल्या ते राहिलं की.

खवचट काका

नाव नाही, किंमत नाही, फोटो ट्यूबलाइटखालचे. लग्नाच्या जेवणाचं वर्णन करायचं आणि कार्यालय सांगायचं नाही असला प्रकार. जे४१२५ म्हणजे २०१९ चा चौदा नॅनोमीटरवाला प्रोसेसर. आजच्या दिवशी तो नव्या डब्यात विकणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही दंडवत.

उद्यमनगरी

काका, दंडवत पोचला. फाइल द्यायला-घ्यायला चार कोअर पुरून उरतात. मध्ये खरा अडसर लॅनचा आहे. एक गिगाबिटचा पोर्ट म्हणजे कागदावर सेकंदाला १२५ एमबी, हातात पडतात ११० च्या आसपास. आजची साधी हार्डडिस्क एकटीच त्याहून जास्त देते. प्रोसेसर दुप्पट केला तरी त्या पाइपातून तेवढंच पाणी येणार. तुम्हाला नॅसवर चेहरे ओळखणारी, व्हिडिओ बदलणारी सॉफ्टवेअरं चालवायची असतील तर तुमचं बरोबर, तिथं हा प्रोसेसर धापा टाकेल.

बगळा, चार-चार टीबीच्या दोन, नॅससाठीच्या, ५४०० फेऱ्यांच्या. घेताना सीएमआर आहे ना हे कंपनीच्या माहितीपत्रकात बघून घेतलं.

फोटोवाली

सीएमआर म्हणजे? आणि मी लग्नाचे फोटो-व्हिडिओ करते, राजारामपुरीत स्टुडिओ आहे. सीझनला एका दिवसात चौसष्ट जीबीची दोन-तीन कार्डं भरतात. मला हा डबा चालेल का? सध्या बाहेरच्या हार्डडिस्क कपाटात रचून ठेवल्यात, प्रत्येकीवर स्टिकर.

नेटवाला बावडेकर

ताई, मी देतो उत्तर, केबल-नेटचंच काम करतो.

डिस्कवर माहिती गोल पट्ट्यांत लिहितात. सीएमआरमध्ये पट्ट्या शेजारी-शेजारी असतात. एसएमआरमध्ये एकीची कड दुसरीवर चढवतात, घराच्या कौलांसारखी. जागा जास्त मिळते, पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची सगळी उचलून परत लावावी लागतात. रोजच्या कॉपीला फरक कळत नाही. एक डिस्क मेली आणि नव्या डिस्कवर सगळं परत उतरवायची वेळ आली की कळतो, तासांचं काम दिवसांवर जातं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या दोन ते सहा टीबीच्या काही डिस्क न सांगता एसएमआर निघाल्या म्हणून जगभर गदारोळ झाला होता. त्यानंतर त्यांनी सीएमआरवाल्यांना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं.

आता तुमचं कार्ड. ६४ जीबी गिगाबिटवरून साधारण दहा मिनिटांत उतरतं, कार्ड रीडर तेवढा वेगवान असेल तर. पण आधी राउटरचे पोर्ट तपासा. कनेक्शनबरोबर फुकट मिळालेल्या बऱ्याच राउटरचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. तिथं सेकंदाला अकरा-बारा एमबी, म्हणजे त्याच कार्डाला दीड तास.

आणखी एक सांगतो, आमच्याच लायनीतलं गुपित. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. शंभरला चारच पुरतात: एक, दोन, तीन आणि सहा नंबरच्या पिनेवरच्या. घाईतला पोरगा चारच तारा क्रिंप करून, म्हणजे टोकाच्या क्लिपमध्ये दाबून, जातो. नेट चालतं, गिऱ्हाईक खूश. मग नॅस आणला की बोंब, 'डबा स्लो आहे'. क्लिपच्या पारदर्शक टोकातून बघा, आठ रंग दिसले पाहिजेत. निळी आणि तपकिरी जोडी बाहेरच कापून टाकलेली दिसली तर समजून जा.

फोटोवाली

आत्ता खुर्चीवर चढून बघितलं. चारच आहेत!!

नेटवाला बावडेकर

मी नव्हतो हो ताई 😄 दोन्ही टोकं परत क्रिंप करून घ्या, केबल बदलायची गरज नाही. केबलवर कॅट ५ई छापलेलं असलं की झालं. पुढं २.५ गिगाबिटवर गेलात तरी तीच चालते.

सातासमुद्री

मूळचा मंगळवार पेठेतला, सध्या जर्मनीत. तांबड्या रश्श्याची आठवण काढत वाचतोय.

नव्याने घेणाऱ्यांनी २.५ गिगाबिटचा पोर्ट बघूनच घ्यावा असं माझं मत. दोन डिस्क आरशासारख्या जोडल्या तरी वाचताना डिस्कचा पूर्ण वेग मिळायला हवा, गिगाबिटवर तो वाया जातो. दुसरं म्हणजे डिस्कबाबत कंपनीची अट वाचा. सिनॉलॉजी या नॅसच्या कंपनीने २०२५ च्या प्लस मालिकेत स्वतःच्या यादीतल्या डिस्क नसतील तर सुविधा कमी केल्या होत्या. लोक इतके भडकले की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डीएसएम ७.३ (त्यांच्या नॅसचं सॉफ्टवेअर) बरोबर ती अट सैल करावी लागली. डबा तुम्ही विकत घेता, पण उद्या त्यात काय बसेल हे एका अपडेटवर अवलंबून असतं.

उद्यमनगरी

सहमत. माझ्या यादीत 'पाच वर्षांनी काय मिळेल' आहे, त्यात 'पाच वर्षांनी काय चालू देतील' हेही घालायला हवं. २.५ चा मुद्दा फोटोवाली ताईंसाठी जास्त लागू, माझी ड्रॉइंग काही एमबींची असतात.

ताई, चालेल का विचारलंत. चार टीबीच्या दोन डिस्क रेड १ मध्ये (RAID 1, डिस्क जोडायची पद्धत; वर आलेल्या रेड मालिकेशी संबंध नाही) लावल्या तर दोन्हींवर तेच लिहिलं जातं, वापरायला चारच मिळतात, आणि स्क्रीनवर दिसतात ३.६. दुकानदाराशी भांडू नका. डिस्कवाले टीबी दहाच्या पटीत मोजतात, बरीच सॉफ्टवेअरं दोनच्या पटीत मोजतात. तुमचा दर सीझनचा साठा बघता मी चार खणांचा डबा बघेन.

शाहूपुरीकर

आवाजाचं कुणीच काही बोललं नाही. मी एक दोन खणांचाच डबा (वेगळ्या कंपनीचा) हॉलमधल्या शोकेसवर ठेवलाय. रात्री घूंऽऽ असा आवाज वाढतो, कमी होतो, परत वाढतो. आई म्हणते फ्रीज बिघडला. दुरुस्तीवाल्यानं पंखा बदलून बघितला, फरक शून्य. डिस्क बाद व्हायला लागलीय का?

उद्यमनगरी

वाढतो-कमी होतो, आणि एका लयीत, हो ना? मग बहुतेक पंखा नाही आणि बिघाडही नाही. ५४०० फेऱ्यांची डिस्क म्हणजे सेकंदाला ९० फेरे, ९० हर्ट्झचा गुंजारव. दोन डिस्कचे वेग तंतोतंत सारखे कधीच नसतात, किंचित फरक असतो. दोन जवळजवळ सारखे सूर एकत्र आले की आवाज असा हेलकावे घेतो. तबला-तंबोरा लावणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. शोकेसची प्लायवूडची फळी त्याला जोड देते.

करून बघा: डबा उचलून हातात धरा. आवाज एकदम पडला तर दोष फळीचा. (उचलताना झटका नको, चालू डिस्कला धक्का अजिबात सोसत नाही. बंद असताना ती बराच मार खाते.) मग खाली रबराची जाड चटई घाला. आमच्याकडं मशीनखाली घालतात तसली नायट्राइलची शीट उद्यमनगरात कापून मिळते. डब्याचे स्वतःचे पाय बहुतेकदा कडक असतात, माझ्याचेही आहेत. माझ्या मते या सगळ्या डिझाइनमधली ही एकच कंजुषी. ट्रेच्या पिनेला रबर दिलं आणि पायाला दिलं ते नावापुरतं.

आवाज हेलकावे न घेता टक-टक असा असेल, तर मात्र तो वेगळा विषय. आधी दुसरीकडं कॉपी करा, मग इथं लिहा.

शाहूपुरीकर

भावा, उचलल्यावर गेला आवाज! दोन महिने आईचं ऐकतोय. उद्याच रबर आणतो.

कागलची सून

माझा प्रश्न धूळ आणि लाइटचा. आमच्या शेजारीच बांधकाम चालू आहे. पावसाळ्यात दिवसातून कितीतरी वेळा लाइट जाते. असल्या डब्याचं काय होणार?

उद्यमनगरी

धूळ: पंखा हवा बाहेर फेकतो, म्हणजे प्रत्येक फटीतून आत ओढतो. जाळीला फिल्टर नाही, आणि घरचं कापड-स्पंज तिथं लावू नका, हवाच बंद होते. दोन-तीन महिन्यांतून एकदा बंद करून, ट्रे काढून, मऊ ब्रश. ब्लोअर मारायचा असला तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. जमिनीवर ठेवू नका, कमरेच्या उंचीवर धूळ खूप कमी असते. आमच्या वर्कशॉपमध्ये ठेवायचा मी विचारही केला नाही, लोखंडाचा बारीक कीस हवेत असतो आणि तो वीज वाहून नेतो.

लाइट: यूपीएस हवाच, इन्व्हर्टरवर भागवू नका. कारण बॅकअपचा वेळ नव्हे. यूपीएसला यूएसबीची वायर असेल तर ती नॅसला लावायची. बॅटरी संपत आली की यूपीएस नॅसला कळवतो, नॅस लिहिणं थांबवून स्वतःच नीट बंद होतो. इन्व्हर्टर असं काही सांगत नाही, संपला की संपला. घेताना दुकानदाराला 'यूएसबीची डेटा वायर आहे का' असंच विचारा, कारण काही यूपीएसवरचं यूएसबी नुसतं मोबाइल चार्ज करायला असतं. पंधरा वॉटला सहाशे व्हीएचा लहान यूपीएस आरामात होतो.

बिलाचं पुढं कुणीतरी विचारेलच: पंधरा वॉट रात्रंदिवस म्हणजे महिन्याला अकरा युनिटच्या आत.

खवचट काका

या हिशेबाला मात्र +१. जुना डेस्कटॉप नॅस म्हणून चोवीस तास चालवणाऱ्यांनी हा आकडा फ्रीजवर चिकटवावा. त्यांचे पन्नास-साठ वॉट नुसते बसून जातात.

आता मुद्द्याचं. रेड १ केलं म्हणजे बॅकअप झाला असं इथं कुणाला वाटत असेल तर आत्ताच सांगा. चुकून फोल्डर उडवला तर तो दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी उडतो. आरसा आहे तो. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकारानं ३-२-१ चा नियम लोकप्रिय केला: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर.

शाहूपुरीकर

घराबाहेर म्हणजे किती बाहेर हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. २०१९ ला आमच्या गल्लीत पाणी आलं, २०२१ ला परत आलं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे आमच्याकडं पोरांना पाढ्यांसारखे पाठ आहेत. चाळीसच्या पुढं आकडा गेला की आधी कागदपत्रं माळ्यावर, मग गादी. आता नॅसही. दुसरी प्रत मेहुण्याकडं ठेवतो, पण मेहुणा दोन गल्ल्या सोडून राहतो, म्हणजे पाणी त्याच्याकडंही.

उद्यमनगरी

अगदी. माझी दुसरी प्रत गडहिंग्लजला बहिणीकडं आहे. साधी यूएसबी हार्डडिस्क, सणावाराला जाताना नेतो आणि तिथली परत आणतो. दोन डिस्क आलटून-पालटून. इंटरनेटवरून आपोआप करता आलं असतं, पण काही टीबी पहिल्यांदा वर चढवायचे तर घरच्या कनेक्शनला दमच लागतो.

आणि पुराच्या दृष्टीनं या डब्याचा एक फायदा: दीडेक किलोचा डबा आणि दोन डिस्क. नीट बंद करून काखेत मारून वर नेता येतो. वेळ नसला तर नुसते दोन ट्रे ओढा आणि पिशवीत घाला, डबा परत मिळतो. फक्त कुठला ट्रे कुठल्या खणातला ते मार्करनं आधीच लिहून ठेवा.

सातासमुद्री

बाहेरून घरच्या नॅसवर पोचायला राउटरमध्ये पोर्ट (वायरचा नव्हे, इंटरनेटवरून आत यायची वाट) उघडायचा सल्ला यूट्यूबवर सर्रास देतात. करू नका. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलची जुनी माय बुक लाइव्ह उपकरणं इंटरनेटवरून कुणीतरी कोरी करून टाकली. लोक सकाळी उठले तर वर्षानुवर्षांच्या फाइली गायब. त्या उपकरणांना कंपनीनं २०१५ नंतर अपडेटच दिले नव्हते. टेलस्केलसारखं, आपलीच उपकरणं खाजगीपणे एकमेकांना जोडणारं काहीतरी वापरा. तसंही भारतात घरच्या फायबरला बऱ्याचदा स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतोच, त्यामुळं पोर्ट उघडून उपयोगही होत नाही.

रंकाळ्याचा बगळा

डिस्क उन्हाळ्यात किती तापली तर घाबरायचं? माझ्याकडं मे महिन्यात ४४ दाखवत होती.

खवचट काका

४४ ला घाबरू नका. गूगलने २००७ मध्ये स्वतःच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला, त्यात मध्यम तापमान आणि डिस्क मरणं यांचा लोक समजतात तेवढा घट्ट संबंध दिसला नाही. पन्नाशीच्या पुढं सतत राहायला लागली तर हवा कुठं अडतेय ते बघा. कपाटात दार लावून ठेवणारे महाभाग असतात.

शिरोलीकर

उशिरा आलो. बोर्डाबद्दल धागाकर्त्यानं विचारलंय त्यावर: बोर्ड मेला तरी माहिती जात नाही. यातले बहुतेक डबे आतून लिनक्सवरच चालतात आणि रेडसाठी त्यातलीच नेहमीची पद्धत वापरतात. रेड १ ची डिस्क साध्या कॉम्प्युटरला लावून लिनक्सवरून वाचता येते, जरा खटपट आहे इतकंच. फक्त एन्क्रिप्शन केलं असेल, म्हणजे माहिती किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी ठेवली असेल, तर किल्ली डब्याच्या बाहेर कुठंतरी ठेवलेली असली पाहिजे.

आता माझा प्रश्न. माझ्या डब्याचा ॲडॅप्टर परवा वीज कडाडली तेव्हा गेला. कॅमेरे बसवणाऱ्याकडं १२ व्होल्ट ५ अँपिअरचा पडलाय. तोच लावू का?

उद्यमनगरी

बोर्डाचं उत्तर मिळालं, आभारी आहे. किल्लीची प्रत आजच कागदावर छापून गडहिंग्लजच्या पाकिटात टाकतो.

ॲडॅप्टरला घाई नको. कॅमेऱ्याच्या ॲडॅप्टरची पिन बहुतेकदा ५.५ बाय २.१ ची असते (मिमीत, बाहेरचा व्यास आणि मधलं भोक). माझ्या डब्याचा सॉकेट ५.५ बाय २.५ चा आहे. बाहेरचा व्यास सारखाच, त्यामुळं हातात घेऊन फरक कळत नाही. तुमचाही २.५ चा असेल तर २.१ ची पिन आत जाणारच नाही, आणि जोर लावला तर सॉकेटची मधली काडी वाकेल. उलट २.५ ची पिन २.१ च्या काडीवर ढिली बसते. डबा चालू होतो, डिस्क फिरायला लागताना जास्त करंट ओढला की बंद पडतो, आणि माणूस डिस्कला दोष देतो.

प्लस-मायनस कुठं ते स्टिकरवर बघा. गोलाच्या मध्ये ठिपका आणि त्याला जोडलेलं अधिक चिन्ह असेल तर मधली काडी पॉझिटिव्ह. तरी मल्टिमीटर लावाच. आणि नुसत्या ५ अँपिअरच्या छापावर जाऊ नका. हातात घ्या, पूर्वीच्या ॲडॅप्टरच्या निम्म्यानं हलका लागला तर तो पाच अँपिअरचा नाही.

शिरोलीकर

हलकाच आहे. आणि पिनही शिरत नाहीये.

नेटवाला बावडेकर

माझ्याकडं २.५ च्या पिनेचा १२ व्होल्ट ५ अँपिअरचा शिल्लक आहे, एका दुकानाच्या रेकॉर्डरसाठी आणलेला. व्यक्तिगत निरोप करा, उद्या दुपारी शिरोली फाट्याला येणारच आहे. डबाही घेऊन या, तिथंच लावून बघू.